कणगी: शेडरचे तुकडे शोधून आणणाऱ्या साधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न काही व्हॉट्सअ‍ॅपवर आले, काही लग्नाच्या मांडवात एलईडी वॉलच्या मागे वायरी आवरताना विचारले गेले. जळगाव-धुळ्याकडे स्टेजचे व्हिज्युअल्स करणारी, वेबसाइट बनवणारी, कॉलेजात ग्राफिक्स शिकणारी मंडळी डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

कणगी म्हणजे नेमकं काय?

संगणकावर चालणारं एक छोटं साधन. तुम्ही सांगायचं की मला धूर हवा, पाणी हवं, भेगा हव्यात. ते आपल्या साठ्यातून त्या कामाचा शेडरचा, म्हणजे पडद्यावरचे रंग ठरवणाऱ्या कोडचा, तुकडा काढतं, त्या तुकड्याला लागणारे बाकीचे तुकडे सोबत घेतं, सगळे योग्य क्रमाने एका फाइलीत मांडतं आणि माथ्यावर टॅग लावतं: हा कुठून आला, कुणाचा, कोणत्या अटीवर. चित्र ते काढत नाही. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या साध्या पडद्यावर, तीन आज्ञा आहेत: शोध, दाखव आणि आण.

नाव असं का?

आधी इंग्रजी नाव होतं, ते आम्हालाच नीट म्हणता येईना. धान्याच्या कणगीतून हवं तेवढं काढायचं आणि बाकीचं झाकून ठेवायचं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शेडर म्हणजे काय, घरच्यांना सांगता येईल असं सांगा.

आईला मी असं सांगितलं होतं. पडद्यावर जेवढे ठिपके तेवढे मजूर आहेत असं समज. सगळ्यांच्या हातात एकच चिठ्ठी दिली आहे: तू कुठे उभा आहेस ते बघ, घड्याळात किती वाजलेत ते बघ आणि त्यावरून स्वतःचा रंग ठरव. शेजाऱ्याला विचारायचं नाही. ती चिठ्ठी म्हणजे फ्रॅगमेंट शेडर. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर ती चिठ्ठी सेकंदात १२ कोटी ४४ लाख वेळा वाचली जाते आणि एका चित्रासाठी हाताशी असतात जेमतेम १६.६७ मिलिसेकंद. आई म्हणाली, असे मजूर कापूस वेचायला मिळाले असते तर.

नेटवरून कोड उचलून चिकटवला तर काय बिघडतं? आम्ही इतकी वर्षं तेच करतोय.

आम्हीही तेच करायचो. बिघडतं ते असं.

तुम्हाला एक ढगांचा शेडर आवडला. त्यातलं ढगांचं फंक्शन उचललं. ते नॉइजच्या, म्हणजे ओबडधोबड पोत देणाऱ्या, फंक्शनला हाक मारतं, नॉइज हॅशला, म्हणजे यादृच्छिक वाटणारे आकडे देणाऱ्या फंक्शनला, हाक मारतं आणि हॅश राहिला मूळ फाइलीतच. मग तो आणला, तर तुमच्या फाइलीत त्याच नावाचा दुसरा हॅश आधीच बसलेला. नाव बदललं, तर एका ठिकाणी बदलायचं राहिलं. शेवटी कंपाइल होतं, म्हणजे संगणक कोड स्वीकारतो, पण ढगांऐवजी जाळी दिसते, आणि तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात.

मुळात दुसऱ्या फाइलीतला कोड आत ओढायची सोय जीएलएसएलच्या, म्हणजे शेडर लिहायच्या भाषेच्या, गाभ्यात नाही. सी भाषेत इन्क्लूड लिहिलं की भागतं. इथे ब्राउझरमध्ये शेडर चालवणारं वेबजीएल तुमच्याकडून एक सलग मजकूर मागतं. शिवाय फंक्शन वापरण्याआधी ते वर जाहीर झालेलं असावं लागतं, म्हणून तुकड्यांचा क्रम चुकला तरी गाडी अडते. कणगीचं निम्मं काम म्हणजे हे कंटाळवाणं जोडकाम. प्रत्येक तुकडा वेगळ्या फाइलीत, एका फाइलीत एकच फंक्शन, आणि आपल्याला कोण कोण लागतं याची यादी त्याच्याच डोक्यावर. 'आण' म्हटलं की पूर्ण कुटुंब येतं. एखादा दोघांच्या ओळखीचा निघाला तरी येतो एकदाच.

दुसरी भानगड आवृत्तीची. २०११ मध्ये आलेल्या पहिल्या वेबजीएलची जीएलएसएल वेगळी, २०१७ च्या दुसऱ्या वेबजीएलची वेगळी. जुन्या कोडमधला 'टेक्स्चर टू डी' नव्यात नुसता 'टेक्स्चर' होतो, 'व्हेरिंग'च्या जागी 'इन' आणि 'आउट' येतात. कोड उचलणाऱ्याला हे ठाऊक असतंच असं नाही, आणि चूक दाखवणारा संदेश वाचून तर मुळीच कळत नाही.

शोध कसा घ्यायचा? मला इंग्रजी नावं माहीत नाहीत.

म्हणूनच हे साधन केलं. ज्याला वोरोनॉय (भेगांसारख्या जाळ्याच्या नक्षीचं नाव) हा शब्द माहीत आहे त्याला ते कुठेही सापडेल. पण ज्याच्या डोळ्यांपुढे चित्र आहे आणि तोंडात नाव नाही, त्याने काय करावं? त्यामुळे आम्ही प्रत्येक तुकड्याला तो कसा दिसतो त्याचे मराठी शब्द जोडले आहेत.

मे महिन्यातलं काळं रान आठवा. नांगरट झालेली नाही, पाऊस नाही, मातीला पडलेल्या भेगांचं जाळं. 'भेगा' असं शोधलं की स्टीव्हन वर्ली यांनी १९९६ मध्ये मांडलेला पेशींचा नॉइज समोर येतो. जागोजागी बिंदू टाकायचे आणि प्रत्येक ठिपक्याने सर्वांत जवळच्या बिंदूचं अंतर मोजायचं, एवढीच युक्ती. भेगा हव्या असतील तर दुसऱ्या क्रमांकाच्या अंतरातून पहिलं वजा करायचं. जिथे वजाबाकी शून्याजवळ जाते तिथे दोन ढेकळांची हद्द, म्हणजे भेग.

किंवा शेवभाजी. वर तरंगणाऱ्या तर्रीचे लाल थेंब एकमेकांजवळ आले की कडा अलगद वितळतात आणि दोनाचा एक होतो. दोन वर्तुळांचं नुसतं किमान अंतर घेतलं तर सांध्यावर कोन दिसतो. तो कोन गुळगुळीत करणारं फंक्शन हवं असतं. 'तर्री' शोधा, तेच येईल. एका मुलाने ते हळदीच्या कार्यक्रमात पिवळ्या रंगात चालवलं आणि पाहुण्यांना वाटलं हळदच कालवली जातेय.

धूळ, ढग, धूर, संगमरवर यांच्यासाठी केन पर्लिन यांचा नॉइज. १९८२ च्या एका चित्रपटासाठी संगणकावर केलेली चित्रं फारच यंत्रासारखी दिसली म्हणून ते या कामाला लागले, १९८५ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि १९९७ मध्ये ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कार मिळवला. गंमत अशी की जीएलएसएलमध्ये नॉइज नावाची अंगभूत फंक्शनं पूर्वीपासून होती, पण ग्राफिक्स कार्डचे बहुतेक ड्रायव्हर त्यातून गुपचूप शून्य परत करायचे. म्हणून प्रत्येकाने आपापला नॉइज सोबत बाळगायची सवय लागली.

शेडरचे तुकडे पुरवणारी लिगिया आहे, ग्लस्लिफाय आहे. मग हे कशाला?

ती दोन्ही थोर आहेत आणि आम्ही दोघांकडून शिकलो. ग्लस्लिफायने शेडरचे तुकडे एनपीएमच्या (जावास्क्रिप्टचा तयार कोड वाटायच्या सोयीच्या) पॅकेजसारखे वाटायची वाट दाखवली. पॅट्रिसिओ गोन्झालेझ व्हिवो यांच्या लिगियात एका फाइलीत एक फंक्शन ही शिस्त आहे, ती आम्ही सरळ उचलली. तुमचं काम त्यांच्यावर भागत असेल तर कणगी लागणार नाही. आमचा साठा त्यांच्यापुढे मूठभर आहे. आमच्याकडे दोन गोष्टी जास्तीच्या आहेत: मराठी शब्दांनी शोध आणि परवान्याबाबतचा हट्ट.

परवान्याचा एवढा बाऊ कशाला? कोड तर सगळ्यांसमोर उघडा पडलेला असतो.

कपाशीचं बियाणं आणल्यावर तुमचे वडील रिकामी पिशवी, टॅग आणि पावती कुठे ठेवतात? पत्र्याच्या पेटीत. उगवलं नाही तर तालुक्याला कृषी कार्यालयात पहिला प्रश्न पावतीचाच येतो. कोडचंही तसंच आहे, फक्त प्रश्न विचारणारा उशिरा येतो.

शेडरटॉय हे शेडर लोकांसमोर मांडायचं सर्वांत गजबजलेलं ठिकाण, इनिगो क्विलेझ आणि पोल जेरेमियास यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं. तिथे लेखकाने वेगळं काही लिहिलं नसेल तर शेडरला क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना लागू होतो, की नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका आणि बदल केलात तर तोही याच अटीवर वाटा. आता तुम्ही लग्नाची सुपारी घेतली, बयाणा घेतला आणि तो शेडर वॉलवर चालवला. हा धंदा झाला. हजारो लोक तेच करतात म्हणून तो धंदा नाही असं होत नाही.

एमआयटी परवान्याचा कोड धंद्यात चालतो, पण लेखकाची हक्कसूचना सोबत ठेवावी लागते, आणि घाईत नेमकी तीच दोन ओळींची सूचना लोक पुसतात. लिगिया प्रॉस्पेरिटी आणि पॅट्रन अशा दुहेरी परवान्याखाली आहे. सरसकट फुकट समजून तिचा धंद्यात वापर करू नका, अटी वाचा.

म्हणून कणगीत 'आण' म्हणताना काम कसलं ते सांगावं लागतं: शिकण्यासाठी, घरच्यासाठी की पैशासाठी. पैशासाठी म्हटलंत आणि कुटुंबातल्या एकाही तुकड्याची अट आडवी आली, तर कणगी फाइल देत नाही, कोणता तुकडा आडवा आला ते सांगते. याचा लोकांना राग येतो. एका मित्राने मला तोंडावर सांगितलं, भो, तुझं साधन तलाठ्यासारखं वागतं. वागू दे.

गेम बनवायच्या युनिटीत चालेल का? तिथे एचएलएसएल ही वेगळी शेडर-भाषा लागते.

चालेल, पण डोळे उघडे ठेवून. नावं बदलणं सोपं असतं: 'मिक्स'चं 'लर्प', 'फ्रॅक्ट'चं 'फ्रॅक', 'वेक टू'चं 'फ्लोट टू'. ते कणगी स्वतः करते. ज्या गोष्टी कंपाइल होतात आणि तरी चुकतात, त्या जास्त छळतात. उणे ०.२५ ला १ ने भागून बाकी काढा: जीएलएसएलचा 'मॉड' ०.७५ देतो, एचएलएसएलचा 'एफमॉड' उणे ०.२५. नक्षी पडद्याच्या उजव्या अर्ध्यात ठीक आणि डाव्या अर्ध्यात मोडलेली दिसली की आधी इथे बघा. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम आणि टेक्स्चर उलटं दिसणं या पुढच्या दोन खोड्या. जीएलएसएलवाल्या ओपनजीएलमध्ये टेक्स्चरची मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यापासून, एचएलएसएलवाल्या डायरेक्टथ्रीडीत वरच्या.

आणि वेबजीएलनंतर आलेलं वेबजीपीयू?

तिथली भाषा डब्ल्यूजीएसएल. क्रोममध्ये २०२३ पासून आहे. तिच्यात प्रीप्रोसेसरच (कंपाइल होण्याआधी मजकुरात फेरफार करणारा टप्पा) नाही, आणि एकाच नावाची दोन फंक्शनं तुम्हाला लिहिता येत नाहीत. जीएलएसएलमध्ये द्विमितीचा आणि त्रिमितीचा नॉइज एकाच नावाने सुखाने नांदतात, इथे वेगळी नावं द्यावी लागतात. क्रमाची कटकट मात्र नाही. काही तुकडे आम्ही हाताने बदलून ठेवले आहेत, सगळे नाही.

मोबाइलवर आधी छान चालतं, मग मिनिटाभराने चित्र झटके खायला लागतं. मोबाइल खराब आहे का?

मोबाइल बरा आहे. शेडरच्या पहिल्या ओळीत 'मिडियम्प' लिहिलेलं असेल, ते बघा.

त्या शब्दाचा अर्थ असा की मध्यम अचूकता पुरे. लॅपटॉपवर त्याकडे सहसा दुर्लक्ष होतं आणि पूर्ण ३२ बिटांत हिशेब चालतो, त्यामुळे दोष दिसतच नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये मात्र खरोखर १६ बिटांत हिशेब होतो. त्यात अपूर्णांकासाठी १० बिट असतात. घड्याळ ३२ ते ६४ सेकंदांच्या दरम्यान असताना दोन लगतच्या आकड्यांतलं अंतर सेकंदाचा बत्तिसावा भाग होतं, म्हणजे ६०च्या वेगात जवळजवळ दोन चित्रं. झटके सुरू होतात ते इथून. तासाभराने तर घड्याळ दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतं.

उपाय दोन. वेळेसाठी 'हायप', म्हणजे जास्त अचूकता, वापरा. आणि वेळ शेडरकडे पाठवण्याआधीच ठरावीक काळाने शून्यावर आणा, अर्थात नक्षी त्या जागी जुळेल अशा बेताने.

याच घरातला दुसरा दोष म्हणजे तो प्रसिद्ध एका ओळीचा यादृच्छिक आकडा, ज्यात साइन काढून ४३७५८.५४५३ ने गुणतात आणि अपूर्णांक तेवढा ठेवतात. तो प्रत्येक जीपीयूवर (चित्रं काढणाऱ्या चिपवर) वेगळा वागतो, आणि १६ बिटांत त्याचे पट्टे दिसतात. आमच्याकडे तो आहे, पण टॅगवर 'मोबाइलला नको' असं लिहून. त्याऐवजी पूर्णांकांवर चालणारा हॅश घ्या, त्याला दुसरी वेबजीएल लागते.

एलईडी वॉलवर चालवताना काय लक्षात ठेवावं?

वॉलचे खरे ठिपके मोजा. पी ३.९१ च्या, म्हणजे ३.९१ मिलिमीटर अंतरावर ठिपके असलेल्या, अर्ध्या मीटरच्या चौकोनी कॅबिनेटमध्ये (वॉलच्या एका सुट्या खोक्यात) १२८ बाय १२८ ठिपके असतात. आडवे आठ आणि उभे पाच कॅबिनेट लावले, म्हणजे साधारण १३ बाय ८ फुटांचा पडदा, तर झाले १०२४ बाय ६४०, एकूण ६,५५,३६०. फुल एचडीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तरी लोक लॅपटॉपकडून फुल एचडी काढून घेतात आणि मग अडखळतं म्हणून ओरडतात. वॉलच्या आकाराचंच चित्र काढा. वॉलचा प्रोसेसर पूर्ण एचडी मागत असेल तर तेवढ्याच कोपऱ्यात शेडर चालवा आणि बाकीचं काळं सोडा.

अगदी बारीक नक्षीही टाळा. चार मिलिमीटरच्या ठिपक्यात केसाएवढी रेघ मावत नाही, ती नुसती लुकलुकते.

मे महिन्यात लॅपटॉप धापा टाकतो.

तुम्ही नाही टाकत? बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. भुसावळला त्या दिवसांत पारा ४५च्या आसपास असतो, आणि मांडवात पत्र्याखाली, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी किती असेल ते आम्ही मोजायच्या भानगडीत पडलो नाही. तापलं की जीपीयू स्वतःचा वेग उतरवतो. दुपारच्या चाचणीत मिळालेली सेकंदाला ६० चित्रं संध्याकाळी २२ वर येतात, तेही नवरदेव स्टेजवर चढताना. माझ्यावर ही वेळ आली आहे. त्या रात्री वॉलवर शेवटी नवरा-नवरीचा फोटो लावून ठेवला आणि व्हिज्युअल्सचे पैसे मागायला तोंड राहिलं नाही.

त्यानंतर प्रत्येक तुकड्याच्या टॅगवर 'वजन' आलं: हलका, मध्यम, जड. ढगांमध्ये नॉइजचे सहा थर असतील तर चार करा, नॉइजचा एक तृतीयांश खर्च वाचतो आणि लांबून फरक कुणाला कळत नाही. अर्ध्या आकारात काढून मोठं करा. ३० चित्रांवर बांधून टाका. स्थिर ३० हे लंगडणाऱ्या ६० पेक्षा कधीही बरे.

पडद्यावर मधूनच काळे ठिपके येतात आणि पसरत जातात.

कुठेतरी हिशेब अर्थहीन झालाय. ऋण संख्येचं वर्गमूळ, ऋण पायाचा घात, लांबी शून्य असलेला सदिश एककात आणणं, हे तीन नेहमीचे संशयित. आधीचं चित्र पुन्हा वापरणारा शेडर किंवा ब्लर असेल तर एक नासका ठिपका शेजाऱ्यांना नासवत जातो. घात काढण्याआधी आकडा शून्याखाली जाऊ देऊ नका.

नेटवर्क नसेल तर?

साठा तुमच्याच डिस्कवर असतो. एकदा उतरवून घेतलात की धडगाव असो की तोरणमाळ, काही अडत नाही. निघण्याआधी घरीच 'आण' म्हणून घ्या, एवढंच.

एआयला सांगितलं की शेडर लिहून मिळतो. मग ही यातायात का?

लिहून घ्या की, आम्हीही घेतो. जोडकाम आणि आकडे हलवून बघणं यासाठी तो चांगला गडी आहे. पण तो दोन आवृत्त्या एकत्र कालवतो, नसलेल्या फंक्शनला आत्मविश्वासाने हाक मारतो, आणि मुख्य म्हणजे त्याने दिलेल्या नॉइजला टॅग नसतो. तो कुणाच्या कोडवरून आला ते त्यालाही सांगता येत नाही. आमची पद्धत अशी की तुकडे कणगीतून आणायचे, ते त्याच्यापुढे ठेवायचे आणि सांगायचं, यांना हात न लावता यांच्याभोवती लिही.

गणित किती यायला हवं?

दहावीची त्रिकोणमिती आणि थोडे सदिश. साइनची भीती वाटत असेल तर एक सांगतो. हा शब्द आपल्याच 'ज्या'चा. 'ज्या' किंवा 'जीवा'चं अरबीत 'जीबा' झालं, ते लॅटिनमध्ये भाषांतर करताना 'जैब' असं वाचलं गेलं आणि त्यातून 'सायनस'. दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढायचा नियम भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सांगितला, आणि चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. पाटणादेवीला सहलीला गेलेल्या निम्म्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

डीजेच्या ठेक्यावर पडदा लपकवायचा आहे. स्ट्रोबचा तुकडा आहे का?

आहे, पण त्याचा वेग आम्ही बांधून ठेवलाय. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, असा वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत दंडक आहे, कारण काहींना त्याने फिटचा झटका येऊ शकतो. मांडवात पुढच्या रांगेत पोरंच बसलेली असतात. बंधन काढायचं तर कोड तुमच्यापुढे आहे, पण ते काम तुमच्या हाताने करा.

माझा तुकडा कणगीत टाकायचा आहे.

एक फंक्शन, एक फाइल. दिसण्याचे किमान तीन मराठी शब्द. तुमचाच असेल तर परवाना निवडा, दुसऱ्यावरून केलेला असेल तर मूळ कुठलं ते लिहा. 'नेटवर मिळाला' हे मूळ धरलं जात नाही.

पैसे?

नाहीत.

अहिराणीत शोधलं तर सापडतं का?

बऱ्यापैकी. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, जळगावचं जयगाव, काळीची कायी. म्हणून थेट जुळलं नाही तर कणगी 'य'च्या जागी 'ळ' घालून पुन्हा बघते. 'कायी माती' शोधलं की भेगा येतात, 'ज्वाया' शोधलं की आग. एक घोळ मात्र उरलाय: 'माया' असं शोधलं की पडद्यावर दिव्यांच्या माळा येतात. तो आम्ही दुरुस्त करणार नाही.